वर्षभर प्रेडनिसोलोन चालू आहे, कॅल्शियम घेतलं की भागेल का?

ताई, तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी लिहितो, म्हणजे कुठे गैरसमज असेल तर लगेच दिसेल. भाऊ २९ वर्षांचा, पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षं आणि टोमॅटोची शेती. सव्वा वर्षापूर्वी संडासवाटे रक्त आणि आव सुरू झाली. आधी मूळव्याध म्हणून औषधं झाली, मग नाशिकला कोलोनोस्कोपी होऊन अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या सुजेचं आणि जखमांचं, निदान झालं. प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी ४० मिलिग्रॅमने सुरू केली, बरं वाटलं, पण डोस १० च्या खाली आला की रक्त परत. मध्ये पुन्हा एकदा ४० पासून सुरुवात करावी लागली, आणि आता गाडी १५ वर अडकली आहे. महिनाभरापासून त्याची कंबर दुखते. गावात कुणीतरी सांगितलं की या गोळीने हाडं पोकळ होतात, तेव्हापासून तो म्हणतोय, गोळी बंद. तुम्ही विचारताय, बंद करू द्यावी का, की कॅल्शियम सुरू केलं की भागेल?

दोन्हींना माझं उत्तर ‘नाही’ आहे. दुसऱ्या ‘नाही’ला जरा लांबण लागेल. मी नाशिकमध्ये पोटविकारांचीच प्रॅक्टिस करतो, पण तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्याचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत. त्यामुळे हे सगळं त्याच्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून आहे, त्यांना वगळून काही करण्यासाठी नाही.

आधी गोळी एकदम बंद करण्याचं बघू. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की त्या हे काम सोडून देतात. तीन आठवड्यांहून जास्त काळ गोळी चालली असेल तर त्या पुन्हा जाग्यावर यायला आठवडे, कधी महिने लागतात. मधेच गोळी तोडली तर उलट्या, चक्कर, अंगातलं त्राणच जाणं, रक्तदाब उतरणं, आणि त्यातच ताप किंवा अपघात झाला तर जिवावर बेतू शकतं. दुसरं म्हणजे कोलायटिस उसळतो आणि डॉक्टरांना पुन्हा ४० वर जावं लागतं. हाडं वाचवायला गोळी सोडली आणि हाडांच्या वाट्याला आणखी जास्त गोळी आली, हा प्रकार मी दरवर्षी बघतो. द्राक्षाच्या हंगामात तर हमखास, कारण तेव्हा दवाखान्यात यायला कुणालाच सवड नसते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तरी घरी वाट बघू नका. त्या दिवशी स्टिरॉइड इंजेक्शनने द्यावं लागतं.

आता कॅल्शियम. ते द्यायचंच आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. सव्वा वर्ष झालं तरी हा मुलगा प्रेडनिसोलोनवर का आहे? कोलायटिसमध्ये स्टिरॉइडचं काम भडकलेली सूज खाली आणण्याचं. ती खाली राखण्याचं काम ते करत नाही, हे कित्येक दशकांपासून माहीत आहे. साधारण हिशोब असा असतो की ४० ने सुरुवात करायची, दर आठवड्याला ५ ने उतरायचं आणि दोन-तीन महिन्यांत शून्यावर यायचं. तीन महिन्यांत १० च्या खाली जाता आलं नाही, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत आजार परतला, तर आम्ही त्याला स्टिरॉइडवर अवलंबून असलेला आजार म्हणतो. तुमचा भाऊ त्यात सरळ बसतो. तिथे पोहोचल्यावर दुसरं औषध आणायचं असतं, तीच गोळी खालीवर करत बसायचं नसतं.

थोडी बेरीज करून बघा. ४० ते ५ असा एक पूर्ण कोर्स आठ आठवड्यांचा, म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम प्रेडनिसोलोन. तुमच्या भावाचे दोनदा ४० पासूनचे कोर्स आणि मधले १०-१५ चे महिने धरले तर मागच्या एका वर्षात तो पाच ग्रॅमच्या पुढे गेलेला असावा. हाडांच्या हिशोबात वर्षाला पाच ग्रॅम म्हणजे ‘खूप जास्त’ हा गट. वय २९ आहे म्हणून काळजी नाही असं म्हणायची सोय इथे राहत नाही.

हाडांमध्ये नेमकं काय होतं ते समजलं की पुढचे उपाय पटतात. हाड आयुष्यभर थोडं थोडं मोडलं आणि बांधलं जात असतं, आपल्या शहरातल्या रस्त्यांसारखं: एक टोळी खणून जाते, दुसरी मागून बुजवत येते. स्टिरॉइड सुरुवातीचे महिने खणणाऱ्यांचा जोर वाढवतं, आणि बुजवणाऱ्यांची संख्या गोळी चालू असेपर्यंत कमीच ठेवतं. त्यात आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीवाटे जास्त निघून जातं, पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन उतरू शकतं, मांड्यांचे स्नायू सैल पडतात. म्हणून नुसत्या कॅल्शियमने भागत नाही. तो कच्चा माल आहे, आणि इथे टंचाई बांधणाऱ्या पेशींची आहे.

झीज सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, आणि ती आधी मणके आणि बरगड्यांसारख्या जाळीदार हाडांत दिसते. फ्रॅक्चरचा धोका तर स्कॅनमध्ये घनता घटलेली दिसण्याआधीच वाढायला लागतो. ‘अजून सहा महिने बघू, मग स्कॅन करू’ हे म्हणूनच मला पटत नाही. चांगली बाजू अशी की स्टिरॉइड थांबल्यावर हा धोका कमी होत जातो, आणि तरुण माणसात हाड बऱ्यापैकी भरून येतं.

पण सगळा दोष गोळीच्या माथी मारू नका. आतड्यातली सूज नुसती आतड्यात बसत नाही. त्या सुजेत तयार होणारी रसायनं रक्तातून हाडापर्यंत पोहोचतात आणि तिथेही मोडतोड वाढवतात. ज्यांनी कधी स्टिरॉइड घेतलेलं नाही अशा कोलायटिस आणि क्रोन्सच्या (त्याच जातीचा, लहान आतड्यालाही धरणारा आजार) पेशंटमध्येही हाडं विरळ सापडतात. क्रोन्समध्ये लहान आतडं खराब असेल किंवा त्याचा तुकडा काढलेला असेल तर अन्न आणि ड जीवनसत्त्व शोषण्याचाही प्रश्न येतो. तुमच्या भावाचा आजार मोठ्या आतड्याचा, त्यामुळे शोषणाचं त्याचं दुखणं कमी. पण पथ्याच्या नावाखाली सहा महिने वरणभात आणि बिस्किटांवर काढले असतील तर हिशोब तिथेच पडला. म्हणजे आजार उघडा सोडून हाडं वाचत नाहीत आणि स्टिरॉइडने आजार दाबून ठेवूनही वाचत नाहीत. स्टिरॉइडशिवाय आजार शांत राहिला तर वाचतात.

कंबरदुखीकडे मात्र आत्ताच बघायला हवं. स्टिरॉइडवरच्या कोलायटिसच्या पेशंटची कंबर दुखते म्हणजे हाडं ठिसूळच झाली असं धरून चालत नाही. मी चार गोष्टी विचारतो. वीस किलोची टोमॅटोची जाळी उचलताना एकदम कळ आली आणि मणक्यावर एका जागी दाबलं की दुखतं का? तसं असेल तर मणका दबला असू शकतो. बाजूने काढलेल्या साध्या एक्सरेत तो बहुतेक वेळा दिसतो. मात्र पुष्कळ मणके न दुखताच दबतात, म्हणून मी उंचीही मोजतो. दुखणं पहाटे आणि सकाळी जास्त, अर्धा तास कंबर आखडलेली आणि चालायला लागलं की मोकळी होते का? मग ती माकडहाडाजवळच्या सांध्यांची सूज असू शकते. ती या आजाराचीच भावंडं, आणि तिचा उपचार वेगळा. दुखणं कमरेपेक्षा जांघेत आहे, मांडी घालून बसताना किंवा गाडीवर टांग टाकताना कळ येते का? इथे मी सगळ्यात जास्त सावध होतो, कारण हे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याचं लक्षण असू शकतं. कोविडनंतर २०२१ मध्ये ‘एव्हीएन’ हा शब्द घरोघरी पोहोचला, तेच हे. सुरुवातीला एक्सरे स्वच्छ येतो आणि एमआरआयमध्येच कळतं. लवकर कळलं तर खुबा वाचवण्याचे उपाय हातात असतात. चौथा प्रश्न, दुखत नाही पण उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही का? तो स्नायूंचा अशक्तपणा, डोस उतरला की हळूहळू भरून येतो.

यातलं काहीच नसेल आणि दिवसभर पाठीवर फवारणीचा पंप घेऊन कंबर धरली असेल, तेही शक्य आहे. पण मेडिकलमधून स्वतःहून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या आणू नका. त्या कोलायटिस भडकवू शकतात आणि स्टिरॉइडबरोबर जठराला जखमही करतात. तात्पुरतं पॅरासिटामॉल चालेल. ‘सांधेदुखीची पुडी’ तर अजिबात नको. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइडच मिसळलेलं असतं हे अनेकदा उघड झालंय, आणि मग आमचा डोसचा सगळा हिशोब चुकतो.

स्कॅनबद्दल. तपासणी हवी ती डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, कंबरेचे मणके आणि खुबा या दोन जागांची. किरणांचा डोस अगदी कमी असतो. शिबिरांमध्ये टाच मशीनमध्ये ठेवून ‘हाडं ठिसूळ’ अशी चिठ्ठी देतात, तिच्यावर ना घाबरायचं ना निश्चिंत व्हायचं. ती टाचेची अल्ट्रासाउंड चाचणी आहे, तिच्यावरून औषध ठरवत नाहीत. डेक्साच्या रिपोर्टवर टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे असतात. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ही व्याख्या पाळी गेलेल्या बायका आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी. २९ वर्षांच्या माणसाचा झेड-स्कोअर बघायचा, तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर वयाच्या मानाने कमी. रिपोर्टवर लाल रंगात टी-स्कोअर छापलेला बघून तरुण पोरं रडकुंडीला येतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. पुढचा स्कॅन वर्ष-दोन वर्षांनी, आणि जमलं तर त्याच मशीनवर, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

कॅल्शियमचं गणित सोपं आहे. जेवण आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम. पेलाभर दुधात किंवा तेवढ्याच दह्यात साधारण सव्वादोनशे ते अडीचशे, एका नाचणीच्या भाकरीत शंभर ते दीडशे, चमचाभर न सोललेल्या तिळात शंभरच्या आसपास. आजार शांत असेल तर दोन वेळा दूध-दही आणि एक नाचणीची भाकरी एवढ्यावर निम्मं काम होतं, उरलेलं ५०० ची एक गोळी करते. आजार भडकलेला असताना दूध सोसत नसेल तर दही, ताक, पनीर. ‘कोलायटिसमध्ये दूध विष’ असं सरसकट काही नाही, ज्याला सोसतं त्याने प्यावं. कार्बोनेटवाली गोळी जेवणासोबत घ्या. अॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेटवाली बरी. लोहाच्या गोळीपासून दोन-तीन तास लांब ठेवा, कारण रक्त गेल्यामुळे बहुतेकांना लोहही चालू असतं आणि दोन्ही एका घोटात गिळली तर लोह नीट शोषलं जात नाही.

ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी एकदा जरूर करा. दिवसभर रानात राबणाऱ्याला काय कमी पडणार, असं मला पूर्वी सांगितलं जायचं, रिपोर्ट वेगळंच सांगतात. फवारणीला, छाटणीला माणूस पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं बांधूनच उतरतो, आणि सावळ्या कातडीला ऊन जास्त लागतं. पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एक, असं आठ आठवडे, नंतर महिन्याला एक, ही नेहमीची पद्धत. आठवड्याला एक हे चिठ्ठीवर ठळक लिहून घ्या. तेच पाकीट महिनाभर रोज घेतलेले पेशंट मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि बिघडलेल्या किडनीचे रिपोर्ट घेऊन येतात. सहा लाखांचं एकच इंजेक्शन घेऊन मोकळं व्हायची पद्धतही मला पसंत नाही.

त्यापुढची हाडांची औषधं, म्हणजे आठवड्याला एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेट किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनिक अॅसिड, ही प्रत्येकाला लागत नाहीत. मणका दबलेला असेल, झेड-स्कोअर फारच खाली असेल आणि स्टिरॉइड इतक्यात सुटण्याची चिन्हं नसतील तर विचार करायचा. आधी ड जीवनसत्त्व आणि किडनीचे रिपोर्ट ठीक हवेत, दातांची कामं उरकलेली हवीत. अॅलेंड्रोनेट उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. अजून मूल व्हायचं असलेल्या बायकांमध्ये ही औषधं देताना आम्ही दहादा विचार करतो, कारण ती हाडात वर्षानुवर्षं राहतात.

आता त्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे स्टिरॉइड सुटेल कसं. नवीन औषध लिहिण्याआधी मी काही गोष्टी पडताळून बघतो. मेसालामिन, म्हणजे कोलायटिस शांत ठेवणारं रोजचं औषध, पूर्ण डोसमध्ये आणि रोज घेतलं जातंय का? बरं वाटलं की सगळ्यात आधी सुटते ती हीच गोळी. आजार गुदाशयात आणि डाव्या बाजूलाच असेल तर मेसालामिनची गुदमार्गे घ्यायची बत्ती किंवा एनिमा दिलाय का? पेशंट लाजतात, आम्हीही आग्रह धरत नाही, आणि जे काम रात्रीच्या एका बत्तीने झालं असतं त्यासाठी माणूस सहा महिने प्रेडनिसोलोन गिळतो. प्रत्येक वेळी परतलेलं रक्त म्हणजे आजारच होता का, की मध्ये अमीबा, सी. डिफिसिल हा जिवाणू किंवा सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग होता? संडासची तपासणी, त्यातलं आतड्याची सूज दाखवणारं कॅलप्रोटेक्टिन आणि नुसता खालचा भाग बघणारी छोटी दुर्बीण यातून बहुतेक उलगडा होतो. सौम्य-मध्यम आजारात मोठ्या आतड्यात सुटणारं बुडेसोनाइड हाही मधला मार्ग आहे. त्याचा बराचसा भाग यकृतातच निकामी होतो, त्यामुळे हाडांना झळ कमी लागते. कमी म्हणतोय, शून्य नाही.

हे सगळं नीट असूनही डोस उतरत नसेल तर बहुतेकांसाठी पहिलं पाऊल अॅझाथायोप्रिन. प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारी ही गोळी स्वस्त आहे, पण असर दिसायला दोन-तीन महिने जातात, तेवढा काळ स्टिरॉइड हळूहळू उतरवत सोबत चालतं. ते सुरू केल्यावर दुसऱ्या, चौथ्या आठवड्याला आणि पुढेही ठरल्याप्रमाणे सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करावीच लागते. आपल्याकडे काही जणांत एनयूडीटी १५ या जनुकातला फरक असतो, त्यांच्यात पांढऱ्या पेशी झपाट्याने पडतात. सुरुवातीच्या आठवड्यांत केस पुंजक्यांनी गळायला लागले तर ही गोळी (प्रेडनिसोलोन नव्हे) थांबवा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. ते सोसलं नाही किंवा पुरलं नाही तर इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब, व्हेडोलिझुमॅब ही इंजेक्शनं, किंवा टोफासिटिनिबची गोळी. अॅडालिमुमॅबचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, २०१४ मध्ये आलं आणि तेव्हापासून ही औषधं आमच्या पेशंटच्या थोडीतरी आवाक्यात आली. सुरू करण्याआधी टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासणं अनिवार्य, कारण दबून बसलेला टीबी यातून उसळतो. काहींना शेवटी मोठं आतडं काढण्याची शस्त्रक्रियाच योग्य ठरते. यातलं तुमच्या भावाला काय लागू पडेल ते आजार किती फूट आतड्यात आहे, रिपोर्ट काय आहेत आणि दरमहा किती खर्च झेपतो यावर ठरेल. खर्चाचं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, त्यावरून आमचा क्रम खरोखर बदलतो.

इतकं वाचून स्टिरॉइड म्हणजे खलनायक असं मनात बसलं असेल तर तेवढं काढून टाका. १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्टिसोनची चाचणी प्रसिद्ध झाली, त्याआधी कोलायटिसच्या जोरदार झटक्यात दवाखान्यात आलेल्यांपैकी पुष्कळ जण परत जात नसत. आजही झटका आला तर मी तीच गोळी लिहीन. फक्त ती कधी थांबणार हे पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहीन.

शेतीकामाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. कंबरदुखीचं कारण कळेपर्यंत जाळ्या उचलणं, पंप पाठीवर घेणं बंद. पण खाटेवर पडून राहणं त्याहून वाईट, हाडाला वजन सोसायची सवय राहिली पाहिजे. रोज अर्धा-पाऊण तास चालणं, आणि कारण साधं निघालं तर हळूहळू बैठका. तंबाखू, सिगारेट, दारू यापैकी काही असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, तिन्हींचा हाडांशी संबंध आहे.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर सुरुवातीपासूनच्या तारखा आणि प्रत्येक तारखेला प्रेडनिसोलोनचा डोस लिहून न्या. जुन्या चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिलं काढून बसलात की तासाभरात होईल. त्याच कागदावर खाली तीन प्रश्न लिहा: स्टिरॉइड सोडवायला पुढचं औषध कोणतं आणि कधी, डेक्सा आणि ड जीवनसत्त्व कधी, आणि कंबरेचा एक्सरे की खुब्याचा एमआरआय. जांघेत कळ असेल किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा, लघवी अडकणं असं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. तोपर्यंत १५ ची गोळी रोज सकाळी नाश्त्यानंतर, एकही दिवस न चुकवता.